रेघ छिप्याची, हात बाईचा

लखनौच्या चौकात घासाघीस करून चिकनचा कुर्ता घेणाऱ्या मराठी पर्यटकाला एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. त्यावरची वेलबुट्टी जिने भरली, तिने ती काढलेली नसते. नक्षी उमटवतो छिपी, लाकडी ठशांनी, धुतल्यावर निघून जाईल अशा रंगात. मग गठ्ठे दलालामार्फत ठाकूरगंज, डालीगंज, काकोरी, मलिहाबादकडच्या घराघरांत पोचतात. तिथल्या बायका त्या छापील रेघांवर टेपची, बखिया, मुर्री, फंदा हे टाके भरतात, जाली पाडतात. शेवटी धोबी कापड धुतो. रेघ जाते, टाके उरतात. लहानपणी सुई हाती घेतलेली बाई साठीला येते, तोवर तिने हजारो फुलं भरलेली असतात आणि त्यातलं एकही तिच्या मनातलं नसतं.

या सगळ्या वर्षांची वसुली शरीरातून होते. जमिनीवर बसायचं, गुडघा वर, मान खाली, पांढऱ्या मलमलीवर पांढरा दोरा, आणि उजेड खिडकीतून येईल तेवढाच. मजुरी नगावर. आजारपणाची रजा मागायची कुणाकडे? दलालाला फक्त नग मोजता येतात. डोळे अधू होतात, मान धरते, कंबर उठू देत नाही, सकाळी बोटांची पेरं वळत नाहीत. घरातून या सगळ्याचं एकच निदान मिळतं: वय झालं! पंचेचाळिशीच्या बाईलाही हेच ऐकवतात.

2008 साली चिकनकारीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2018 साली उत्तर प्रदेश सरकारने ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजना आणली आणि लखनौच्या नावापुढे चिकनकारी लिहिली. मान कापडाला मिळाला. बाईकडे आधी पाहिलं ते 1984 साली रूना बॅनर्जी आणि सहबा हुसैन यांनी लखनौत ‘सेवा’ ही संस्था उभी करून, मधला दलाल काढून टाकून. चांगलं काम एका संस्थेने केलं म्हणून सगळ्या शहराचं ऋण फिटत नाही.

आणि लखनौकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. सोलापूर, सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायका हजारी हिशेबाने मजुरी घेतात, त्यांची मान कुणी पाहिली आहे? ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची पाळी म्हणजे खाडा, आणि खाड्याला मुकादम दंड लावतो. म्हणून गर्भाशयच काढून टाकायचं. 2019 साली राज्य सरकारच्या समितीसाठी पाहणी झाली, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. काम अडलं की आपल्याला बाईचं दुखणं दिसतं. अडत नाही तोवर त्याला आपण सोशिकपणा म्हणतो आणि त्या सोशिकपणाच्या आरत्या गातो.

वैद्यकशास्त्र या बाबतीत समाजाच्या पुढे निघून गेलं आहे. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात स्वतःचं स्थान आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा दुखतंय असं सांगणाऱ्याचं म्हणणं मानावं, हेही तिथेच लिहून ठेवलं. आपल्याकडे मात्र एक्स-रे हा एकमेव साक्षीदार, आणि तो स्वच्छ आला की बाई ढोंगी ठरते.

आता अशा बाईने सुई ठेवली आणि उतारवयात ब्रश उचलला, तर? यात अचंबा वाटण्यासारखं काही नाही. ब्रशचा दांडा जाड असू शकतो, टाका मोजावा लागत नाही, रेघ थरथरली तरी चालते, हात भरून आला की थांबता येतं. अमेरिकेतल्या शेतकरी कुटुंबातली ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस लोकरीच्या धाग्यांनी चित्रं भरत असे. संधिवाताने बोटं आखडली, सुई धरवेना, म्हणून पंचाहत्तरी ओलांडल्यावर ती रंगांकडे वळली. हूसिक फॉल्स गावच्या औषधाच्या दुकानात मांडलेली तिची चित्रं 1938 साली एका संग्राहकाने पाहिली, 1940 साली न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन झालं, आणि एकशे एक वर्षांच्या आयुष्यात तिने दीड हजारांवर चित्रं केली. इतकं लांब जायला नको असेल तर मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातल्या जोधइया बाई बैगा पाहा. जन्मभर मजुरी करून सत्तरीच्या आसपास चित्र काढू लागल्या, 2023 साली पद्मश्री झाल्या.

पण पद्मश्री आधी मिळत नाही. आधी मिळतो तो ‘म्हातारचळ’ हा शेरा. नातवाच्या मोबाइलला पैसे असतात, मुलाच्या तंबाखूला असतात. आईच्या रंगाच्या नळ्यांचा हिशेब मात्र रुपयारुपयाने विचारला जातो. बाईच्या कलेला आपली ना नाही, असं म्हणणाऱ्यांनी अंगणातली रांगोळी आठवावी. तिचं कौतुक आपण मोकळेपणी करतो, कारण ती संध्याकाळपर्यंत पुसली जाते. उंबरठ्याबाहेर असावी, सणासुदीची असावी, कुणाच्या वाट्याचा वेळ खाऊ नये, तेवढ्यापुरती कला. भिंतीवर टांगायचं चित्र आलं की जागेचा प्रश्न निघतो.

हसणाऱ्यांचा मला एवढा राग नाही. ते निदान उघड असतात. माझं भांडण सहानुभूतिवाल्यांशी आहे. ‘बरं झालं, मन रमतं, दुखणं विसरतात.’ चित्रकलेने काहींना आराम पडतो हे खरं, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालात कला आणि आरोग्यावरचे तीन हजारांहून अधिक अभ्यास तपासले आहेत. पण दुखणं कमी झालं नाही तर ब्रश काढून घेणार का? निरोगी माणसाने चित्र काढलं की ती कला, दुखणेकऱ्याने काढलं की तो औषधोपचार! आणि उपचार नाही तर निदान विक्री तरी व्हावी, अशी आपली व्यापारी अपेक्षा असते. जिच्या हातांनी अख्खं घर उभं केलं, तिने त्याच हातांनी एक निरुपयोगी झाड रंगवलं, तर कुणाचं काय बिघडतं?

अशा बाईसाठी जागा शोधायला लांब जायला नको. लखनौचं कला महाविद्यालय 1911 सालचं. ते आज टागोर मार्गावर आहे. स्वतः टागोर साठी उलटल्यावर मन लावून रंगवू लागले, पॅरिसमध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन 1930 साली झालं, सत्तरीच्या उंबरठ्यावर. त्यांना कुणी म्हातारचळ म्हटलं नाही, कारण ते टागोर होते. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आज बारावी झालेली मुलं चार वर्षांची पदवी घेतात, आणि ते योग्यच आहे. पण डालीगंज तिथून लांब नाही. आठवड्यातून दोन दुपारी एक वर्ग उघडला तर? पाठ टेकेल अशा खुर्च्या, मांडीवर घेता येणारे फळे, भरपूर उजेड. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, हवं तेव्हा उठून आडवं होण्याची मुभा. त्याच्याबरोबर चिकनच्या नगाला जगता येईल असा दर आणि वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी हवी, नाहीतर वर्ग म्हणजे नुसतं प्रायश्चित्त होईल. असाच वर्ग सोलापुरातही निघू शकतो. यासाठी निधी नाही, असं कुणी अधिकारी म्हणाला, तर चिकनच्या प्रदर्शनांच्या मांडवावर किती खर्च झाला तो आकडा त्याच्याकडेच मागा.