थीटा फक्त पेपरापुरताच?

व्हायवात कुणी कॉस तीसची किंमत विचारली तर आपण झोपेतही ०.८६६ सांगू. पण 'याचा उपयोग काय?' असं विचारलं की सगळ्यांची दांडी गुल!

उपयोग सांगते. टेकडीवरून तीस अंश खाली, ४०० मीटरवर नेम धरायचाय. वाटतं, खाली मारतोय म्हणजे गोळी खाली जाईल. प्रत्यक्षात ती नेमाच्या वर लागते. चढावर मारली तरी वरच! कारण गुरुत्वाकर्षण सरळ खाली ओढतं, पण वाट तिरपी असली की गोळीला वाटेवरून ढळवणारा त्याचा भाग कॉस थीटाने कमी होतो. म्हणून दुर्बिणीवर ४०० नाही, सुमारे ३४६ मीटरचं सेटिंग लावायचं. नाहीतर गोळी जवळपास वीतभर वरून जाते. यासाठी दुर्बिणीला जोडायचं छोटं यंत्र मिळतं, ते थेट कोसाइनच दाखवतं. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ जिंकणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला ते लागत नाही, ५० मीटरची रेंज सपाट असते. कारगिलमध्ये १९९९ साली कड्यांवर चढून लढणाऱ्या जवानांना मात्र सपाट जमीन कुठली?

म्हणाल, लोहाऱ्याच्या होस्टेलवर बसून आपल्याला काय त्याचं? आपल्याच जिल्ह्यात टिपेश्वरचं जंगल आहे, वाघ आहेत. वाघाला बेशुद्ध करायचा डार्ट बऱ्याचदा मचाणावरून, म्हणजे तिरपाच मारतात. डार्ट गोळीपेक्षा फार हळू जातो, त्यामुळे थोड्या अंतरातही खाली येतो. तिथे चार-पाच सेंटिमीटरची चूकसुद्धा मांडीच्या स्नायूऐवजी भलतीकडे लागू शकते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ अवनी वाघीण गोळीने मेली. आधी बेशुद्ध करा, नाहीच जमलं तर मारा, असा आदेश होता. डार्ट खरंच मारला होता का, गोळी कुठल्या बाजूने लागली, यावर नंतर किती वाद झाला! तेरा माणसांचे बळी एकीकडे, वाघिणीचा जीव दुसरीकडे, आणि मध्ये प्रश्न शेवटी कोनाचाच.

माझं म्हणणं एवढंच, की महागडं यंत्र नसलं तरी चालेल, पण मोजायची सवय हवी. कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि वर्कशॉपमधला एक नट, झालं आपलं यंत्र! सरांनी एखादं प्रॅक्टिकल टेरेसवर घ्यावं. वरून खालच्या झाडाचा कोन मोजू, आडवं अंतर काढू, मग टेपने पडताळून बघू. फाईल कॉपी करण्यापेक्षा ते नक्कीच बरं. उद्या आपल्यातलंच कुणी वनखात्यात किंवा सैन्यात असेल, तिथे चुकलेल्या थीटाला ग्रेस मार्क नसतात.