गव्हाविना पान

डहाणूजवळच्या आगर गावातील एका वाचकभगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. त्यांची धाकटी सूनबाई इंदूरकडची, गव्हाच्या पोळीवर वाढलेली. लग्नानंतर चार वर्षे ती झिजतच गेली. रक्त कमी, पोट नित्य फुगलेले, आणि दोन वेळा दिवस राहूनही गर्भ टिकला नाही. घरात कोणी दृष्ट म्हणाले, कोणी नखरे म्हणाले. अखेरीस मुंबईस एका डॉक्टरांनी रक्ताची परीक्षा करून व आतड्याचा सूक्ष्म तुकडा पाहून ‘सीलिअ‍ॅक’ नावाच्या विकाराचे निदान केले आणि गहू आजन्म वर्ज्य सांगितला. शक्तीकरिता अंडी व मांसाचा रस्सा चालेल, असेही ते म्हणाले. मुलीने बाहेर एका स्नेह्यांकडे तो घेऊन पाहिला, परंतु पचला नाही. दूधही सोसत नाही. ‘गहू गेला, दूध गेले, मांस आमच्या घरचे नव्हे आणि तिला मानवतही नाही, मग पोरीने खावे तरी काय?’ असे त्या विचारतात.

उत्तराआधी ‘नखरे’ या शब्दाचा निकाल लावणे अवश्य आहे. कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखाली चोळीत धरावा. पांढरे सत्त्व वाहून जाते आणि हाती रबरासारखा चिवट लगदा उरतो. तेच ग्लूटेन. पुरणपोळी लाटताना फाटत नाही ती त्याच्यामुळे, आणि तांदळाची भाकरी थापताना कडेला चिरते ती त्याच्या अभावी. गहू, जव व राय या धान्यांतील हे द्रव्य काही माणसांच्या शरीरास शत्रूसारखे भासते, आणि त्याच्याशी झगडताना शरीर आपल्याच आतड्याचे अस्तर खरवडून टाकते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. रक्तक्षय होतो, हाडे पोकळ होतात, गर्भपातही याच्या पोटी संभवतो. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांस गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात दुष्काळ पडून पाव दिसेनासा झाला, तेव्हा सारा देश उपाशी असता ही रोगी मुले मात्र सुधारली, आणि पाव परतताच पुन्हा खंगली! १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. आपल्याकडे हा विकार गहू खाणाऱ्या उत्तरेत शंभरांत सुमारे एकास, तर भातखाऊ दक्षिणेत त्याहून पुष्कळच कमी आढळतो.

तेव्हा सूनबाई समुद्रकाठी आली हे एका परीने बरेच झाले. आमच्या मते डहाणू-तलासरीच्या मुलखाइतका या पथ्यास अनुकूल मुलूख विरळा. गुजराथची हद्द हाकेवर असल्याने पोळी आता घरोघर शिरली आहे खरी, परंतु मूळ अन्न तांदळाची भाकरी, घावन आणि पेज हेच. डोंगरातील वारली बांधव पिकवितात ती नाचणी व वरई निर्दोष. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. दूध सुटलेल्या बाईस याहून मोठा आधार कोणता? ज्वारी, बाजरी, मका हीही चालतात. आणि गंमत अशी की आपली एकादशी या पथ्यास आयतीच जुळते. वरईचा भात, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा यांत ग्लूटेन नाही. जो फराळ इतरांस उपवास, तोच या मुलीस भोजन.

मांसाची चिंता करू नये. भातात जे कमी ते डाळीत असते व डाळीत जे कमी ते भातात, म्हणून वरणभात ही जोडी मांसाची उणीव भरून काढते. मात्र सोललेल्या आतड्यास वाल व हरभरा जड जातो. आरंभी मुगाचे कढण, मग मुगाची खिचडी, आणि पुष्कळ पुढे उसळी. (काही माणसांस गोचीड चावल्यानंतर मटण खाल्ल्यास तीन-चार तासांनी अंगावर गांधी उठतात, तो प्रकार निराळा, आणि तसे होत असल्यास डॉक्टरांस सांगावे.) दूध सोसत नाही तेही बहुधा कायमचे नव्हे. दुधातील साखर पचविणारे द्रव्य आतड्याच्या त्याच अस्तरात असते. अस्तर भरून आले, की काही महिन्यांनी ताक, मग दही, मग दूध असे चढत जाता येते. तोवर ब जीवनसत्त्वांपैकी बारावे आणि लोह यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवाव्यात. शाकाहारी घरात दूधही सुटले म्हणजे बाराव्याचा दुसरा भरवशाचा झरा राहत नाही.

खरा धोका उघड्या गव्हाचा नसून लपलेल्या गव्हाचा आहे. बाजारच्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा असतो. खात्रीचा शुद्ध खडा हिंग घ्यावा, नाहीतर फोडणीवाचून चालवावे. मेतकुटात गहू पडतो, सातूच्या पिठात पडतो, काही घरच्या थालीपिठाच्या भाजणीतही पडतो. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. गव्हल्यांची खीर तर उघडच वर्ज्य. गिरणीत गव्हामागून दळलेली ज्वारी निरुपयोगी, म्हणून घरघंटी किंवा माळ्यावरचे जुने जाते खाली काढावे. तिचे पोळपाट-लाटणे व तवा वेगळा ठेवावा. हे सोवळे आमच्या पिढीस शिकविण्याची गरज पडू नये! विकतच्या पुड्यावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिण्यास किलोमागे वीस मिलिग्रॅमची कमाल मर्यादा कायद्याने घातली आहे, यावरून चिमटीचे महत्त्व ध्यानी यावे.

आणि ही चिमूट बहुधा प्रेमाने वाढली जाते. ‘देवाचा प्रसाद, एक घास घे, काही होत नाही,’ असे म्हणणारी वडील मंडळी आम्ही पाहिली आहेत. तो घास पोटात दुखला नाही तरी अस्तर खरवडतोच. सत्यनारायणाच्या कथेतच गव्हाचे पीठ नसेल तर तांदळाचे घ्यावे, अशी मुभा स्पष्ट दिली आहे. पोथी ऐकणाऱ्यांपैकी कितीकांचे तिकडे लक्ष असते कोण जाणे. आगरच्या सासूबाईंनी येत्या पूजेस साऱ्या घरासाठीच तांदळाच्या रव्याचा शिरा करावा. मुलीस वेगळी वाटी देऊ नये. पंक्तीत एकटे पडल्यानेच माणूस पथ्य मोडतो.

पत्राच्या शेवटी त्या लिहितात, की सूनबाईचा इंदूरचा भाऊही अशक्त आहे, म्हणून त्यालाही गहू बंद करण्यास कळविले आहे. हे मात्र तूर्त थांबवावे. सख्ख्या भावंडांत हा विकार इतरांपेक्षा अधिक आढळतो, तेव्हा संशय रास्तच आहे. परंतु गहू सोडल्यानंतर रक्ताची परीक्षा फसवी ठरते. त्याने पोळी खात असतानाच आधी रक्त तपासून घ्यावे. तसे त्याला आजच पत्र टाकावे.