समुद्राचा दाखला

दिवाळी उरकली, कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला, की आमच्या मानोऱ्यात माझ्याकडे दोन प्रकारची माणसे येऊ लागतात. काही जण मुदतठेवीच्या पावत्या घेऊन येतात. बँकेतून निवृत्त होऊन काही वर्षे लोटली तरी तो परिपाठ सुटलेला नाही. दुसरे येतात ते सहल-कंपनीचे रंगीत पत्रक हाती घेऊन. गेल्या हिवाळ्यात आम्ही अकरा आप्तजन अंदमानला गेलो आणि सहा दिवसांच्या सहलीला आठ दिवस लावून परतलो, ही वार्ता कारंजा-दिग्रसपर्यंत पोहोचली असल्याने या दुसऱ्या मंडळींची संख्या यंदा वाढली आहे. प्रत्येकाला निरनिराळे सांगण्यापेक्षा या स्तंभातच एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

प्रथम परवान्याचा गोंधळ दूर करू. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली, तेव्हापासून लोकांच्या मनात दोन्ही द्वीपसमूह एकमेकांत मिसळले आहेत. लक्षद्वीप अरबी समुद्रात आहे. तेथे जायचे तर आपण भारतीय असलो तरी १९६७ च्या नियमांनुसार प्रवेश-परवाना काढावा लागतो आणि त्यासाठी पोलिसांच्या दाखल्याचीही तयारी ठेवावी लागते. अंदमान बंगालच्या उपसागरात. तेथील नेहमीच्या पर्यटनस्थळी भारतीयाला ओळखपत्राखेरीज काही लागत नाही. निकोबार बेटे मात्र सामान्य पर्यटकास बंद आहेत. आणखी एक गोष्ट. ३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉक बेटाचे स्वराज द्वीप आणि नील बेटाचे शहीद द्वीप झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर शहराचे श्री विजयपुरम झाले. ही जोडनावे वहीत लिहून ठेवावीत. त्यांचे काम कोठे पडते, ते पुढे येईलच.

ओळखपत्राचा खरा उपयोग जिरकाटांगच्या नाक्यावर होतो. बाराटांग बेटाकडे जाणारा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव अरण्यातून जातो. गाड्या एकामागे एक, ठरलेल्या वेळी, पोलिसांच्या देखरेखीखाली सोडतात. त्याआधी प्रत्येक प्रवाशाचे नाव अर्जावर भरावे लागते. वाटेत थांबायचे नाही, छायाचित्र काढायचे नाही, खाऊ द्यायचा नाही. पहाटे साडेचारला रांगेत उभे राहून अर्ज भरताना आमच्यातील एक जण कुरकुरले, ‘‘आपल्याच देशात हा जाच कशाला?’’ मला तो जाच वाटला नाही. जारवांची संख्या जेमतेम काही शे. १९५६ चा कायदा त्यांच्या रक्षणासाठी आहे. १९९९ मध्ये बाहेरून आलेला गोवर या जमातीत पसरला होता, आणि २०१२ मध्ये पर्यटकांसमोर जारवा स्त्रियांना नाचायला लावल्याच्या चित्रफितीने जगभर आपली नाचक्की झाली होती. असा पूर्वेतिहास असताना नावाची नोंद मागितली तर ती द्यावी.

आता घड्याळाकडे वळू, कारण आपल्या घरांतील चौविहार पाळणाऱ्यांना तेथे पहिला धक्का घड्याळच देते. भारतभर वेळ एकच, ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. मानोरा साधारण ७७.५ अंशांवर, तर श्री विजयपुरम ९२.७ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे धरली तर फरक तासाभराचा होतो. डिसेंबरात तेथे पाच वाजण्याच्या सुमारास सूर्य मावळतो. हॉटेलातील संध्याकाळचे जेवण साडेसातला! पत्रकात ‘जैन भोजनाची सोय’ असे ठळक छापलेले होते. सूर्यास्त किती वाजता, याचा विचार छापणाऱ्याने केलेला नव्हता. पहिल्याच दिवशी हिने स्वयंपाकघरात जाऊन तोडगा काढला: दुपारीच पोळ्या आणि कोरडी भाजी डब्यात भरून घ्यायची आणि चार-सव्वाचारला, जेथे असू तेथे, धक्क्यावर किंवा झाडाखाली बसून जेवण आटोपायचे.

आमच्यात सर्वांत वडील आमचे मोठे काका. वय ८१, निवृत्त शिक्षक. त्यांना समुद्राचे, प्रवाळाचे, काचेच्या तळाच्या नावेचे काहीएक आकर्षण नव्हते. ‘माझी जन्मठेप’ त्यांनी शाळकरी वयात वाचली होती आणि सेल्युलर जेल पाहायचे एवढ्यासाठीच ते इतक्या लांब आले होते. नागपूरला विमानात बसण्यापूर्वीच त्यांनी सहल-व्यवस्थापकाला विचारले. ‘‘पाचव्या दिवशी आहे काका, स्वराज द्वीपहून परतलो की लगेच दुपारी,’’ असे उत्तर मिळाले. सहाव्या दिवशी सकाळी परतीचे विमान. मी कार्यक्रमपत्रिका पाहिली आणि म्हणालो, ‘‘तुरुंग पहिल्या दिवशी घ्या, किनारा पाचव्या दिवशी घ्या.’’ त्यावर, तुरुंगाजवळचे हॉटेल शेवटच्या रात्रीसाठी घेतले आहे, आता बदल होणार नाही, असे कळले. बँकेत बुडीत कर्जासाठी तरतूद करण्यात आमची हयात गेली. येथे सहा दिवसांच्या ताळेबंदात अर्ध्या दिवसाचीही तरतूद नव्हती.

चौथ्या रात्री स्वराज द्वीपावर वारा सुटला. पहाटे नारळीच्या झावळ्या छपरावर आपटू लागल्या. पाचव्या दिवशी सकाळी सामानासह धक्क्यावर गेलो, तर फलकावर सूचना होती: हवामान प्रतिकूल असल्याने सर्व बोटी रद्द. सरकारी रद्द, खासगीही रद्द. दुसरा मार्ग नाही. बेटाला पूल नसतो. समुद्राकडे पाहिले तर बंदराच्या आत पाणी फारसे उसळलेले दिसत नव्हते, त्यामुळे काही पर्यटक कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालू लागले. मला मात्र डिसेंबर २०१६ आठवला. त्या वेळी अशाच वादळी हवेत स्वराज आणि शहीद द्वीपांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि नौदलाच्या जहाजांनी त्यांना सोडवून आणले. पुढे त्याच हवेचे ‘वरदा’ चक्रीवादळ झाले आणि १२ डिसेंबरला ते चेन्नईवर जाऊन आदळले. नोटाबंदीला तेव्हा महिनाच झालेला. आमच्या शाखेत दिवसभर रांगा. टीव्हीवर ती बातमी पाहताना त्या लोकांच्या खिशात चालणाऱ्या नोटा किती असतील, हाच विचार माझ्या मनात आला होता.

म्हणून या वेळी रोख रक्कम बरोबर होती आणि ती उपयोगी पडली. चेन्नईपासून सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची समुद्राखालची तार ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून अंदमानात इंटरनेट बरेच सुधारले आहे. परंतु त्या दोन दिवसांत आमच्या वस्तीत वीज गेली की भ्रमणध्वनीचे जाळेही जाई आणि कार्ड चालविणारे यंत्र निर्जीव होई. हॉटेलवाल्याने खोल्या दिल्या, पण पैसे रोख आणि आगाऊ घेतले. त्यात त्याचे काय चुकले?

स्वयंपाकी बंगाली होता. फाळणीनंतर निर्वासित बंगाली कुटुंबे या बेटावर वसविण्यात आली, त्यांपैकी एका घरातला. ‘निरामिष’ हा शब्द उच्चारताच त्याचा चेहरा उजळला. त्याच्या आजीने वैधव्यात आयुष्यभर तसाच स्वयंपाक केला होता म्हणे. कांदा-लसूण न सांगता वगळले गेले, पण बटाटा हजर! बंगाल्याला बटाट्याविना निरामिष सुचत नाही. मग हिने खुणांनी आणि हिंदीने कंदमूळ म्हणजे काय ते समजावले आणि पुढचे दोन दिवस लाल भोपळा, कच्ची पपई आणि मुगाची खिचडी, तीही चार वाजता, गरमागरम मिळाली. कंपनीने छापलेल्या ‘जैन भोजना’पेक्षा हे जेवण किती तरी सरस होते.

कागदांचे काम मात्र लगेच सुरू करावे लागले. पहिले काम विमानाचे. सहाव्या दिवसाचे विमान चुकणार हे पाचव्या दिवशीच निश्चित झाले होते, तेव्हा ते सुटण्यापूर्वी तारीख बदलून घेणे आवश्यक. विमान सुटून गेल्यावर तुम्ही ‘गैरहजर प्रवासी’ ठरता आणि मूळ भाडे बुडते. परत मिळतात ते केवळ शासकीय कर आणि विमानतळाची शुल्के, आणि तीही पुष्कळदा मागितल्याशिवाय येत नाहीत. विमान कंपनीचा यात दोष नसतो. तिचे विमान वेळेवर उडालेले असते. भाचेजावई टेकाडावरच्या एका वळणावर, जेथे तेवढा संपर्क होता, तासभर फोन धरून उभे राहिले. आठव्या दिवसाची अकरा तिकिटे मिळाली. माणशी नऊ हजारांवर फरक भरावा लागला.

दुसरे काम दाखल्याचे. प्रवास-विमा उतरविला होता, आणि विम्याच्या दारात तोंडी काही चालत नाही. बोटी रद्द झाल्या याचे लेखी प्रमाण हवे. धक्क्यावरच्या कारकुनाने सांगितले, ‘‘साहेब, असा दाखला देण्याचा अधिकार मला नाही. फलकाचा फोटो घ्या.’’ फोटो घेतला, तारखेसह. पण शिक्का नसलेल्या कागदाची किंमत मला ठाऊक होती. दुपारी पुन्हा गेलो, गर्दी ओसरली होती. आमची अकरा तिकिटे पुढे ठेवली आणि एवढेच म्हटले की, दाखला नको, तिकीट ‘रद्द’ झाले असे तिकिटावरच लिहून कार्यालयाचा शिक्का द्या. तिकीट तर तुमचेच आहे. त्याने क्षणभर विचार केला आणि अकराही तिकिटांवर शिक्का उमटविला. या वाचकांपैकी कोणावर असा प्रसंग आला तर मूळ बोट-तिकीट परत करू नये. परतावा घेण्यापूर्वी त्यावर असा शेरा मिळवावा, निदान त्याची प्रत काढावी.

सातव्या दिवशी पहाटे बोटी सुरू झाल्या. दोन दिवसांची तुंबलेली गर्दी धक्क्यावर उसळली होती. बेटवासीयांना त्यांच्या ओळखपत्रावर सवलतीचे तिकीट मिळते, हे आम्हाला ठाऊक होते; त्या दिवशी त्यांना आधी आत सोडले तेव्हा पर्यटकांत आरडाओरड झाली. ‘‘आम्ही पूर्ण पैसे भरलेत!’’ पुढे जाणाऱ्यांत एक गर्भवती स्त्री होती, पोटाशी इस्पितळाच्या कागदांची पिशवी धरलेली. तीही दोन दिवस खोळंबली होती. काका आमच्यातल्या ओरडणाऱ्याला म्हणाले, ‘‘अरे, आपण चार दिवसांचे पाहुणे. या लोकांचा दवाखानासुद्धा समुद्रापलीकडे आहे.’’ आम्ही दुसऱ्या बोटीने निघालो.

त्याच दिवशी दुपारी काकांनी सेल्युलर जेल पाहिले. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाला मध्यवर्ती मनोऱ्यातून फाकलेल्या सात इमारती होत्या. आज तीन उरल्या आहेत. पाडलेल्या भागाच्या जागेवर १९६३ मध्ये गोविंद वल्लभ पंत इस्पितळ उभे राहिले. सकाळची ती स्त्री याच इस्पितळात निघाली होती. काका तिसऱ्या मजल्यापर्यंत, कठड्याला धरून, मधे दोनदा थांबून, स्वतः चढले. सावरकरांच्या कोठडीत ते किती वेळ होते ते मी मोजले नाही. त्यांचे थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात असूनही दोघांची भेट होऊ दिली जात नव्हती, हे काकांनी आम्हाला तेथे उभे राहून सांगितले. दोघा भावांना १९२१ मध्ये येथून मुख्यभूमीवर हलविण्यात आले. प्रकाश-ध्वनीच्या कार्यक्रमाला काका थांबले नाहीत. सूर्य कलला होता आणि डबा उघडायचा होता.

विमानतळावर आणखी एक अडथळा आला, त्याचाही उल्लेख करतो. भाचीच्या मुलाने किनाऱ्यावरून वेचलेले शंख आणि प्रवाळाचा तुकडा बॅगेत निघाला. प्रवाळ आणि कित्येक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात; ते उचलून नेता येत नाहीत. तपासणीत सारे काढून घेतले. मुलगा रडू लागला. त्याची आजी त्याला म्हणाली, ‘‘ते कुणाचे तरी घर होते रे.’’ तो गप्प झाला, पण बराच वेळ रुसून होता. मुले बरोबर असतील तर हे आधीच सांगून ठेवावे.

आता ज्यांनी पत्रके आणून दिली त्यांना माझे उत्तर. कंपनी कोणतीही निवडा, पण पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घ्या: तुरुंग पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी, आणि शेवटच्या बेटावरून परतणे व विमान यांच्यामध्ये एक पूर्ण रिकामा दिवस. तो दिवस फुकट गेला असे वाटले तर शहरातील मानवशास्त्राचे संग्रहालय पाहा. ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवसांचे औषध जास्त न्या.

विम्याची हकीकत अद्याप संपलेली नाही. कंपनीच्या पहिल्या पत्रात, जे विमान आमचे चुकले त्याचा मूळ ‘बोर्डिंग पास’ मागितला होता. विमानात बसलोच नाही म्हणून तर दावा केला, असे मी कळविले. दुसऱ्या पत्रात हरकत अशी: बोटीचे तिकीट ‘स्वराज द्वीप ते श्री विजयपुरम’ असे आहे, विमानाचे ‘पोर्ट ब्लेअर ते कोलकाता’, सबब प्रवासी दोन निरनिराळ्या ठिकाणी होते. यावर नामांतराच्या बातमीची कात्रणे, नकाशा आणि खुलासा जोडून पाठविला. गेल्या महिन्यात तिसरे पत्र आले. हवामान प्रतिकूल असल्याचे मान्य आहे. मात्र ते सातव्या दिवशी अनुकूल झाले, याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा. सातव्या दिवसाची बोटीची तिकिटे मी फेकलेली नव्हती. ती अकराही स्पीड पोस्टाने रवाना केली आहेत, पोच आली आहे. उत्तर आले की याच पानावर कळवीन.