पाळणाघरातील घास

पुण्याच्या मार्केटयार्डात भुसार मालाची दोन पिढ्यांची पेढी असलेल्या एका जैन कुटुंबात सायंकाळचा एक प्रश्न ठरलेला असे. मुलगा आणि सून दोघेही पेढीचे काम पाहतात. साडेतीन वर्षांचा नातू सकाळी दहापासून पाळणाघरात असतो. सायंकाळी तो घरी येऊन बूट काढतो न काढतो तोच दादी विचारीत, "बेटा, आज काय खाल्लेस?"

सुरुवातीला मुलगा मोठ्या उत्साहाने सारे सांगत असे. एके दिवशी त्याने सांगितले, की मित्राच्या डब्यातील पिवळी भाजी फार छान होती. ती बटाट्याची भाजी होती हे ध्यानात येताच घरातील वातावरण पालटले. दादींच्या डोळ्यांत पाणी आले, वडिलांचा आवाज चढला, आईने त्याच क्षणी पाळणाघरात फोन लावला. त्या सायंकाळनंतर मुलाचे उत्तर एकच झाले : "काही नाही." घरचा वरण-भात खाल्ला असला, तरीही "काही नाही." महिनाभराने पाळणाघरातील मावशींनी आईला हळूच सांगितले, "ताई, तो दुसऱ्यांच्या डब्यातले खातो आणि मग स्वतःच तोंड धुऊन येतो. मला म्हणतो, मम्मीला सांगू नका."

बटाट्याच्या फोडीने जी हानी झाली नव्हती, ती या एका वाक्यात दिसून आली. साडेतीन वर्षांचे बालक लपवायला शिकले होते. अहिंसेसाठी पाळला जाणारा आहारनियम जर घरात असत्याला वाट करून देऊ लागला, तर नियमात नव्हे, पण तो शिकविण्याच्या रीतीत कोठे तरी चूक झाली आहे, हे प्रत्येक श्रावक कुटुंबाने ओळखले पाहिजे.

पालकांची चिंता निराधार आहे, असे मात्र कोणीही म्हणू नये. एकत्र कुटुंबात मुलाच्या मुखी जाणारा प्रत्येक घास आजीच्या नजरेखालून जात असे. आता शहरातील घरे लहान झाली, सुना व्यवसायात आणि नोकरीत उतरल्या, आणि पाळणाघर ही चैन न राहता गरज बनली. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणे बंधनकारक केले, यावरूनच या गरजेची व्याप्ती लक्षात येते. दिवसातील आठ-नऊ तास, म्हणजे सकाळची न्याहारी आणि रात्रीचे दूध वगळता जवळजवळ सारा आहार, मूल दुसऱ्याच्या हातून घेते. तो हात कोणाचा आणि त्या हाताला काय ठाऊक आहे, हा प्रश्न आईवडिलांच्या मनात येणारच.

येथे व्यापारी घरांनी आपल्याच पेढीकडे एकदा पाहावे. माल मागविताना कोणताही व्यापारी "चांगला गहू पाठवा" एवढेच लिहून थांबत नाही. वाण, प्रत, वजन, भाव, पोहोच केव्हा हवी, हे सारे तो स्पष्ट नोंदवितो. तोच गृहस्थ आपल्या लेकराला पाळणाघरात सोडताना मात्र "आम्ही जैन आहोत, तेवढे सांभाळा" एवढे बोलून निघतो. समोरच्या मावशींच्या मनातील 'जैन' या शब्दाचा अर्थ बहुधा उपाहारगृहाच्या पाटीवरून आलेला असतो : कांदा नाही, लसूण नाही. त्या मोठ्या काळजीने कांदा-लसूण टाळून बटाट्याची भाजी करतात, खिचडीत गाजर किसून घालतात आणि मुलाला जैन जेवण दिल्याचे समाधान मानतात. त्यात त्यांचा दोष काय? मागणीच अपुरी लिहिलेली होती.

म्हणून पहिले काम म्हणजे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक कागद. त्यात काय चालत नाही, हे नावानिशी असावे : बटाटा, रताळे, गाजर, मुळा, बीट, कांदा, लसूण, ओले आले, मध, अंडे. तितकीच मोठी यादी काय चालते याची असावी, कारण नुसत्या नकारांवर स्वयंपाक होत नाही. सहा महिन्यांनंतर बालकाला वरचे अन्न सुरू होते, तेव्हा मऊ करून भरविण्यासाठी बटाटा, गाजर, रताळे आणि बीट हेच पाळणाघरात सहज हाताशी असते, आणि ही चारही कंदमुळे आहेत. त्यांच्या जागी दुधी, लाल भोपळा, उकडलेले कच्चे केळे, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले पिकलेले केळे असे पर्याय लिहून दिले, तर मावशींचे काम सोपे होते. ज्या घरांत द्विदल पाळले जाते, त्यांनी खिचडीवर थंड दही वाढू नये, हेही लिहावे. बाहेरच्या माणसाला दही-खिचडी हा अत्यंत निर्दोष आहार वाटतो. त्यात काही वर्ज्य असेल, अशी त्याला कल्पनाही नसते.

दुसरा गोंधळ पाकिटांचा आहे. हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका पाहिला, की पुष्कळ पालक निश्चिंत होतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत अंडे मांसाहारात गणले जाते आणि अशा पदार्थांवर आता तपकिरी त्रिकोणाची खूण येते, हे खरे. परंतु त्याच नियमांतील मांसाहाराच्या व्याख्येतून दुधाबरोबर मधही वगळलेला आहे. म्हणून मधाच्या बाटलीवर हिरवा ठिपका असतो, आणि जैन आहारात मध अभक्ष्य आहे. बटाट्याचे वेफर्स हिरव्या ठिपक्याचेच, झटपट नूडल्सच्या मसाल्यातील कांदा-लसणाची भुकटीही हिरव्या ठिपक्याखालीच. ठिपका शाकाहार सांगतो, जैन आहार नव्हे. त्यासाठी पाकिटामागील घटकांची यादी वाचावीच लागते. मधाच्या बाबतीत तर वैद्यकशास्त्रही त्याच बाजूला उभे आहे : एक वर्षाखालील बालकाला मधातील जिवाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असल्याने तो देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

पाळणाघरातील वाढदिवस हा या चिंतेचा कळस असतो. केक, वेफर्स आणि रंगीत जेलीच्या गोळ्या हा ठरलेला बेत. केकमध्ये अंडे असू शकते. जेलीच्या गोळ्यांत प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून काढलेले जिलेटिन असू शकते. अशा दिवशी मुलाला घरी ठेवणे हा सोपा, पण कठोर उपाय आहे. मुलाच्या मनात धर्म म्हणजे आनंदाच्या दिवशी एकटे बसणे, असे चित्र त्याने उमटते. त्याऐवजी आदल्या दिवशी मावशींना विचारून बिनअंड्याचा केक किंवा घरचे गोड त्याच्या डब्यात द्यावे. आणि आपल्या मुलाच्या वाढदिवसाला सर्व मुलांना पुरेल असा ढोकळा, कच्च्या केळ्याचे वेफर्स आणि बर्फी पाठवावी. जैन आहार म्हणजे केवळ वर्ज्यांची यादी नाही, हे त्या दिवशी वीस मुले चाखून शिकतात.

वर्ज्य-अवर्ज्याच्या काळजीत सुरक्षितता आणि पोषण यांकडे दुर्लक्ष होऊ नये. जैन घरांतून डब्यात सहज जाणारे शेंगदाणे, फुटाणे, अख्खा सुकामेवा किंवा कडक चिक्की लहान मुलाच्या घशात अडकू शकते. पहिली चार-पाच वर्षे हे पदार्थ कूट करून किंवा मऊ करूनच द्यावेत, आणि द्राक्षे उभी चिरून. खाकरा दुधात किंवा वरणात मोडून द्यावा. शिजवलेला भात आणि डाळ उन्हाळ्यात दोन तासांहून अधिक बाहेर राहू नये. पाळणाघरात फ्रीज आणि गरम करण्याची सोय आहे का, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारावे. नसल्यास दुपारसाठी थेपला, ढेबरा, कोरडे मुठिये असे टिकणारे पदार्थ बरे. लोहासाठी डाळी, नाचणी, राजगिरा, तीळ आणि त्यांबरोबर लिंबाचे दोन थेंब उपयोगी पडतात, कारण लिंबातील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतील लोह अंगी अधिक लागते. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. दूध, दही आणि पनीर यांतून मिळते. मूल दूध टाळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. शुद्ध आहार अपुरा असून चालत नाही.

सूर्यास्ताचा प्रश्न हिवाळ्यात तीव्र होतो. डिसेंबरच्या आरंभी पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दुकान आवरून मुलाला घेण्यास यायला साडेसात होतात. ज्या घरांना मुलाने दिवस असतानाच जेवावे असे वाटते, त्यांनी पाच वाजता भरविण्याचा दुसरा डबा द्यावा आणि कागदावर ती वेळ लिहावी. तरीही रात्री आठला मूल भुकेने रडले, तर काय द्यावे, हे घरातील मोठ्यांनी साधुसाध्वींचे मार्गदर्शन घेऊन आधीच ठरवावे. त्या वेळी आई आणि सासू यांच्यात वाद होणे आणि मुलाने तो ऐकत उपाशी निजणे, हा धर्माचा हेतू नाही.

एवढी व्यवस्था करूनही कधी तरी एखादी फोड मुलाच्या तोंडात जाणारच. मुले डबे वाटून खातात. वाटून खाणे हाही संस्कारच आहे. त्या प्रसंगी परंपरा किती समजूतदार आहे, हे आठवावे. श्वेतांबर परंपरेत प्रत्याख्यान घेताना आगार, म्हणजे सवलती, उच्चारल्या जातात. त्यांत 'अनाभोग' आणि 'सहसाकार' यांचा समावेश आहे : अजाणता किंवा एकाएकी काही मुखात गेले, तर प्रत्याख्यान भंगले असे मानीत नाहीत, कळताच थांबावे, एवढेच. जाणत्या व्रतधारी श्रावकासाठी जर ही सवलत आहे, तर बालकासाठी घरात न्यायालय का भरावे? दीक्षेसाठीही सामान्यतः आठ वर्षांखालील बालक योग्य मानलेले नाही. तोवर जबाबदारी आईवडिलांची. बालकाच्या माथी पापाची भीती ठेवणे हे ती जबाबदारी झटकणे होय.

मुलाला कारण सांगावे, ते त्याला कळेल अशा भाषेत. "जमिनीखालच्या कांद्या-मुळांत खूप खूप छोटे जीव राहतात, म्हणून आपण ते खात नाही," एवढे साडेतीन वर्षांच्या मुलाला उमगते. "तुझा मित्र वाईट अन्न खातो," असे मात्र कधीही सांगू नये. मित्राच्या आईने प्रेमाने दिलेल्या डब्याची किळस मुलाच्या मनात भरणे, हाही हिंसेचाच एक सूक्ष्म प्रकार आहे.

आणि मावशींचा विसर पडू नये. दहा-बारा मुलांना भरविणाऱ्या, तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या त्या स्त्रीला रागाचा एक फोन गेला, की ती त्या मुलाला आनंदाने नव्हे, धास्तीने भरवू लागते. घरात केलेला एखादा पदार्थ तिच्यासाठीही डब्यात पाठविला, तिच्याशी दोन आदराचे शब्द बोलले, तर कागदावर न लिहिलेलेही ती सांभाळते.

त्या मार्केटयार्डातील कुटुंबाने पुढे असा कागद लिहून दिला, दुसरा डबा सुरू केला. दादींनी आपला प्रश्न बदलला. त्या आता विचारू लागल्या, "आज कोणाशेजारी बसून जेवलास?" कित्येक दिवस मुलगा सावधपणेच बोलत राहिला, गेलेला विश्वास मागताक्षणी परत मिळत नसतो. मग एका सायंकाळी तो आपणहून म्हणाला, "दादी, आज समोसा होता. आत बटाटा होता. मी थोडा खाल्ला." दादी क्षणभर थांबल्या. मग त्यांनी त्याला जवळ घेतले आणि म्हणाल्या, "सांगितलेस, ते फार चांगले केलेस. उद्या तुझ्या डब्यात कच्च्या केळ्याचा समोसा देते. दोन जास्त देते, मित्रालाही दे."