ओले धान्य वर ठेवा

दर महिन्याला आम्ही अम्मींच्या रक्तदाबाच्या गोळ्या धायरी फाट्यावरून आणतो. मागच्या खेपेस महिनाअखेर होती, म्हणून चारच मागितल्या. दुकानदाराने कात्रीने पट्टी कापून दिली. घरी अम्मींनी नेहमीप्रमाणे विचारले, "तारीख बघितली का?" बघायला तारीखच नव्हती. ती उरलेल्या सहा गोळ्यांबरोबर दुकानातच राहिली होती.

पट्टीवरचा बॅच क्रमांक म्हणजे औषधाचा जन्मदाखला. एका वेळी तयार झालेल्या मालाला एकच क्रमांक असतो. त्यात दोष निघाला, तर कारखान्यापासून वितरक आणि दुकानापर्यंत माग काढून नेमका तेवढाच माल परत मागवता येतो. हे काम सोपे व्हावे म्हणून सरकारने औषधांच्या ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा केला. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या मालाला हा नियम लागू आहे. मोबाइल त्यावर धरला की औषधाचे नाव, कंपनीचा पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख आणि परवाना क्रमांक दिसतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा धान्याच्या राशीत हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, हेही बजावले. तो छोटासा चौकोन हेच करतो. आतले वर आणतो.

पण चौकोनाचीही नक्कल होऊ शकते. म्हणून मोबाइलवर दिसणारी माहिती पट्टीवरच्या छपाईशी ताडून पाहावी. कोड कधी पट्टीवर नसून बाहेरच्या खोक्यावर असतो. तेव्हा खोके दाखवायला सांगावे. सुट्या गोळ्या घेताना तारीख व बॅच क्रमांक असलेला तुकडा मागावा, निदान मोबाइलवर त्याचा फोटो काढावा. बिल घ्यावेच. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे.

आम्ही त्याच संध्याकाळी परत गेलो. दुकानदाराने उरलेली पट्टी काढून दाखवली. मुदत बाकी होती. त्यानंतरच अम्मींनी गोळी घेतली.

धान्याच्या राशीत हात घालून पाहणे ही सुन्नत आहे, असे अम्मी म्हणतात. विचारायला लाजायचे कशाला?