वर्षातून एकदाचे पाहुणे

दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, एखाद्या तरी वस्तुसंग्रहालयाच्या दारात विशेष शाळेची बस उभी राहते. मुलांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या, हातात चित्रकलेचे कागद. पाहुण्यांचे भाषण, अल्पोपाहार, छायाचित्र, आणि दुपारी बस परत. त्यानंतर त्या मुलांची आणि त्या वास्तूची गाठ पडते ती पुढच्या डिसेंबरात. आयोजकांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण एका भेटीने ओळखसुद्धा होत नाही.

वास्तविक ही कल्पना जुनी आहे. १९१३ साली इंग्लंडमधील संडरलंडच्या संग्रहालयाचे प्रमुख चार्ल्टन डीस यांनी अंध शाळेतील मुलांना बोलावून संग्रहातल्या वस्तू त्यांच्या हाती दिल्या. पेंढा भरलेले प्राणी मुलांनी चाचपले आणि मग मातीत घडवले. आधी हाताने पाहायचे, मग हाताने करायचे, हेच कलामंडळाचे बीज. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने ‘अनुभव’ हे स्पर्शदालन उघडले ते २०१५ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी.

कायद्याची उणीव नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २९ कला सर्वांसाठी खुली करण्याबरोबरच कलावर्गांतील सहभागाचाही उल्लेख करते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की सुगम्यतेचे नियम शिफारशीवजा असून भागणार नाही, ते बंधनकारक हवेत. उद्या रॅम्प होतील, लिफ्ट येईल. पण रॅम्प दारापर्यंत नेतो. आत कोणी वाट पाहत असेल तर पुढे जावेसे वाटते.

खरा प्रश्न अठराव्या वर्षानंतरचा आहे. शाळा संपते, मित्र तुटतात आणि मुलगा घरात बसतो. आईबापांचे वय वाढत असते. अशा वेळी दर शनिवारी तीच खोली, तेच टेबल, तेच दोन शिक्षक आणि आठदहा ओळखीचे चेहरे यांचे मोल फार आहे. स्वमग्न मुलाला गर्दी नसलेली वेळ हवी, कर्णबधिराला खुणांची भाषा जाणणारा माणूस हवा, अंधाला हाताळता येतील अशा प्रतिकृती हव्यात. याला नवी इमारत लागत नाही. सातत्य लागते, आणि तेच आपल्याला अवघड जाते.

त्यांतून कलावंत निघतील का? बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५७ मध्ये गेली, तरी पुढे ते कागदाची चिकटचित्रे करीत राहिले. पण प्रत्येकाने बिनोदबिहारी व्हावे, ही अट कशाला? रविवारी गाणे शिकणाऱ्या आपल्या मुलांना आपण ती घालत नाही.

बँकेत असताना एक आई एकवीस वर्षांच्या मुलाला घेऊन काउंटरवर आली. मुलाला बौद्धिक अपंगत्व होते. ‘‘साहेब, पैसे थोडेच आहेत, पण पासबुकावर नाव त्याचंच हवं,’’ ती म्हणाली. कागदपत्रांसाठी आम्ही तिला चार खेपा घालायला लावल्या, याची आजही लाज वाटते. अखेर पासबुक मिळाले तेव्हा मुलगा कितीतरी वेळ स्वतःच्या नावावरून बोट फिरवीत होता.

देणगी घेणाऱ्याला आभार मानावे लागतात. खातेदार मात्र आपल्या हक्काने येतो, आणि तो आला नाही तर चौकशी होते. आपल्या संग्रहालयांनी या मुलांची नावे पाहुण्यांच्या वहीतून काढून हजेरीपटावर घ्यावीत. एखाद्या शनिवारी कोणी गैरहजर राहिला, तर ‘आज का नाही आला?’ असे विचारणारे कोणीतरी तिथे असावे.