फुले नकोत, वेतन द्या!

नेरूळच्या एका खाजगी रुग्णालयात मी समाजसेविका आहे. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या एका बाईला मध्यरात्री ताप चढला. अशा वेळी तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक गेले नाही तर जीव जाऊ शकतो. धोका प्रथम ओळखला परिचारिकेने. तिच्यावर तेव्हा चार रुग्ण होते! भारतीय परिचर्या परिषदेचा अतिदक्षतेसाठीचा निकष आहे एका रुग्णामागे एक परिचारिका.

सकाळी कौतुक झाले ते तिच्या ‘सेवाभावा’चे. बाईने केले की कौशल्याचाही स्वभाव होतो, आणि स्वभावाला पगार कशाला?

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने शिफारस केली: दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन, पन्नासहून कमी खाटा असल्या तरी किमान २०,००० रुपये. अंमलबजावणी राज्यांवर सोडली. केरळात परिचारिका संघटित होऊन लढल्या, तेव्हा २०१८ मध्ये किमान वेतन वाढले.

मैत्रिणींनो, हा प्रश्न ‘त्यांच्या युनियनचा’ म्हणून आपण किती दिवस बाजूला ठेवणार? यंदा १२ मेला, परिचारिका दिनी, गुलाब वाटणाऱ्या व्यवस्थापनाला हजेरीपट आणि पगारपत्रक मागू या.